खेकड्यानं खाल्लेला चेहरा

भाऊ,

परवा तुमची तेरवी झाली. खुर्चीवर ठेवलेला तुमचा फोटो पाहून मला आधी राग आला आणि मग हसू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढलेत, पण तुमचा स्वतःचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तुम्हाला कापून काढलं होतं. डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात मनगटापर्यंत तसाच राहिला होता, बोटातल्या अंगठीसह. आणि मोबाईलवर कुणीतरी तुम्हाला चांगलंच गोरं केलं होतं. एखाद्या गिऱ्हाइकानं असं काम करून मागितलं असतं, तर तुम्ही त्याला दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं असतंत.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, हे पेपरात येऊन गेलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धं राहिलं. शेवटचे चार महिने तर आपण बोलतच नव्हतो, आणि त्यात चूक माझी होती की तुमची, हे मला परवापर्यंत पक्कं माहीत होतं.

मी तुमच्या स्टुडिओत वाढले असं म्हटलं तरी चालेल. सावली गावच्या बसस्टँडजवळच्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॅमेरा आणि रंगवलेला पडदा, मागच्या खोलीत बाबांचं सायक्लोस्टाइल यंत्र. बाबा तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांची संघटना चालवायचे. घरी पत्रकं काढायला आईची मनाई होती, कारण शाई भांड्यांना लागायची. तुम्ही जागा दिलीत. संघटनेत मात्र कधी आला नाहीत. बाबांनी बोलावलं की म्हणायचात, "मोर्चात चालाले माणसं लय हायेत. मोर्चाचा फोटो काढाले मी एकटाच हावो." मी पहिलीत असल्यापासून मागच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालत बसायचे. वाचायला शिकले ते त्या पत्रकांवरच. पाठ्यपुस्तकातलं बदक मला नंतर भेटलं. 'जाहीर निषेध' आधी भेटला.

आपलं पहिलं भांडण मी दहा वर्षांची असताना झालं. धानाच्या एका गावातून एक कुटुंब आलं होतं. म्हातारा वारलेला, आणि त्याचा एकही फोटो नव्हता. तुम्ही थोरल्या मुलाला स्टुलावर बसवलंत, बापाचा फेटा त्याच्या डोक्याला बांधलात, फोटो काढलात आणि मग आठवडाभर प्रिंटवर ब्रश घेऊन बसलात. मिशा पांढऱ्या केल्या, गालफडं आत घेतली, मान सुरकुतवली. ते लोक फ्रेम न्यायला आले तेव्हा त्यांच्यात सूनही होती. फ्रेमवरचा कागद निघाला आणि तिनं चटकन डोक्यावर पदर घेतला.

ते लोक गेल्यावर मी म्हणाले, "भाऊ, हा तर त्याचाच फोटो आहे. बाप कुठंय याच्यात?"

तुम्ही ब्रश धूत म्हणालात, "सुनेनं पदर घेतला का नाई? मंग बाप आला समज."

मी घरी जाऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, खोटं ते खोटं. मी दुसऱ्या दिवशी येऊन तुम्हाला तसं ऐकवलं. तुम्ही मला एक बिस्किट दिलंत. बिस्किट घेऊनही मी माझं म्हणणं सोडलं नाही, हे तुम्ही पुढं कितीतरी जणांना सांगितलंत.

बेसबॉलची पेटी तुम्ही माझ्यासमोर उघडलीत ती तीन वर्षांपूर्वी. तोवर तुमच्याकडचे बाकी सगळे फोटो मी पाहिले होते. लग्नं, मंडईची जत्रा, नाटकाचे प्रयोग, तलावाच्या पाळीवर उभे राहिलेले साहेब. त्या दिवशी तुम्ही पत्र्याच्या पेटीतून चौकोनी निगेटिव्ह काढून खिडकीच्या उजेडात धरलीत आणि मला त्यात उलटी-काळी पोरं दिसली. एकाच्या हातात दांडू होता, क्रिकेटच्या बॅटपेक्षा बारीक आणि गोल.

"बेसबॉल? सावलीत?"

"काऊन? सावलीच्या पोरायले हात नव्हते?"

मग तुम्ही सगळं सांगितलंत. चाळीसेक वर्षांपूर्वी शाळेत पीटीचे नवे सर आले. ते नागपुरात हा खेळ शिकले होते. आल्या आल्या त्यांनी पोरांना जमवलं. चेंडू तेवढा नागपूरहून आणला, बाकी सगळं इथंच उभं केलं. बॅट सुतारानं धावड्याच्या लाकडाची करून दिली. ती इतकी जड होती की पहिल्या दिवशी दोघांचे खांदे धरले. हातमोजे मोच्यानं शिवले, आत गोणपाट आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे. बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या तोंडावरची जाळी लोहारानं तारेची वळून दिली, बैलाच्या मुसक्यासारखी. ती घालून कॅचर बसला की बाकीची पोरं त्याला "हऽ, हऽ" करून हाकायची. आणि याच पोरांनी वीजकेंद्राच्या वसाहतीच्या, ऊर्जानगरच्या संघाला एकदा हरवलं. त्या संघाकडे गणवेश होते, बूट होते, कंपनीची बस होती. ते जिंकून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शाळेच्या पटांगणावर त्यांचा फोटो काढलात. तेव्हा तुम्ही चोवीस-पंचवीस वर्षांचे होतात आणि कॅमेरा नवा होता.

या फोटोंना तुम्ही तीन वर्षं दिलीत. बुरशीचे डाग, भेगा, ओल लागून एकमेकांना चिकटलेल्या निगेटिव्ह. दिवसभर गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो करायचात आणि मधल्या वेळात एकेका पोराचा गुडघा साफ करत बसायचात. मी शेजारच्या खुर्चीवर बसून माझे लेख लिहायचे. "पाह्य, या गुडघ्याले खरूज नाई, डाग होय. अन हे डाग नाई, खरूज होय. डाग काढाचा, खरूज ठेवाची," असं सांगायचात. मला बघायला तुम्ही शिकवलंत, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून ठेवते.

त्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, शंकरराव होता. आता तो धानाची शेती करतो, आणि पोट इतकं सुटलंय की चेंडू दिसला तरी उचलवणार नाही. तो एकदा स्टुडिओत येऊन स्वतःचा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा फोटो बघत बसला.

"भाऊ, एक काम करा न. पायात बूट टाकून द्या माह्या. नातू पायतीन."

"तू खेळला कसा?"

"खेळलो तं अनवानीच."

"मंग? बूट घालून हारले ते ऊर्जानगरवाले. तुले काऊन पायजे हारलेल्याचे बूट?"

शंकरराव हसला, पण जाता जाता मला म्हणाला, "थोडा गोरा तरी कराले सांग तुह्या भाऊले." तुम्ही तेही केलं नाहीत. मी त्या दिवशी घरी जाऊन बाबांना सांगितलं की माझं भांडण मी जिंकले. भाऊ आता फोटोत काही घालत नाहीत, फक्त घाण काढतात.

राहिला होता रैनू.

रैनू हा संघाचा कॅचर. गडचिरोलीच्या पलीकडच्या रानातल्या एका गोंड गावचा, सावलीला वसतिगृहात राहून शिकणारा. फोटोत तो मागच्या ओळीत डावीकडून तिसरा. तारेची जाळी काढून हातात धरलेली, जाळीचा एकेक पीळ मोजता येईल इतका स्पष्ट. आणि मानेच्या वर पांढरा, ओरखडलेला ठिपका.

हे कसं झालं ते तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना हसला होतात. त्या उन्हाळ्यात स्टुडिओतल्या नळाला पाणी नव्हतं. निगेटिव्ह धुवायला वाहतं पाणी लागतं. तुम्ही निगेटिव्ह दोऱ्यानं बांधून तलावाच्या पाटात सोडलीत, दोरा काठीला बांधलात आणि घरी जेवायला गेलात. परत आलात तर एक खेकडा त्या ओल्या निगेटिव्हला धरून बसलेला. बारा पोरं शाबूत आणि रैनूचा चेहरा खरवडलेला. तुम्ही तशीच प्रिंट काढून सगळ्यांना एकेक दिलीत. पोरं महिनाभर रैनूला चिडवत होती. तो स्वतःच म्हणायचा, "माहं तोंड खेकड्यानं खाल्लं. आता त्याले पकडून मीच खातो, मंग वापस भेटन." तुम्ही त्याला सांगितलं होतं, पुढच्या वेळी तुझा एकट्याचा काढतो. पुढची वेळ आली नाही. सुट्टीत गावी गेला आणि तापानं गेला. मेंदूत चढणारा मलेरिया. त्याचा जगात दुसरा फोटो नव्हता.

मागच्या हिवाळ्यात मी स्टुडिओत आले आणि पडद्यावर तो ठिपका नव्हता. तिथं एक चेहरा होता. काळासावळा, चपट्या नाकाचा, भुवईवर व्रण असलेला, उन्हानं डोळे किंचित बारीक केलेला.

"हा कोण?"

"रैनू."

"दुसरा फोटो मिळाला?"

"नाई."

"मग हा चेहरा कुणाचा?"

"रैनूचा."

"भाऊ!"

"अवं, उसना घेतला कोनाचा तरी. शंकरच्या बोटावर डाग व्हता तं दुसऱ्याचं बोट उसनं घेतलं, तवा नाई बोलली तू."

"बोटाला नाव नसतं."

तुम्ही खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलंत. "मंग काय करू? भोक लावू भिंतीवर?"

"लावा. भोकच लावा. बाकीच्या पोरांचे लग्नाचे फोटो आहेत, नोकरीचे आहेत, नातवंडांबरोबरचे आहेत. रानातल्या पोराचा जन्मात एक फोटो निघाला आणि तोही राहिला नाही. लोकांनी ते भोक बघितलं पाहिजे. त्यांना टोचलं पाहिजे. तुम्ही तिथं चेहरा बसवला की सगळं गोड झालं, मग कुणी काही विचारणार नाही."

"लोकायले टोचन, खरं हाये. पण तिले का दिसन?"

"कुणाला?"

तुम्ही परत पडद्याकडे वळलात. मीही पुढं विचारलं नाही. मी तेव्हा मनात वाक्यं जुळवत होते.

ती वाक्यं पत्रकात गेली. गडचिरोलीतल्या एका क्रीडामंडळानं सभागृहाच्या भिंतीवर तुमचे अकरा फोटो लावले, त्यातला एक संघाच्या फोटोतून एकट्या रैनूचा मोठा केलेला, सगळे माणसाच्या छातीएवढे मोठे, काळ्या चौकटीत, आणि उद्घाटन ठेवलं. मी दारात उभी राहून पत्रक वाटलं. मथळा होता 'भिंतीवरचा खोटा माणूस'. दुसरं वाक्य होतं, 'या चित्रातला रैनू हा रैनू नाही.' तुम्ही आलात, एक पत्रक घेतलंत, उभ्यानं पूर्ण वाचलंत आणि उलटून बघितलंत.

"मागची बाजू कोरी काऊन ठेवली? कागद वाया गेला न."

मग घडी करून खिशात टाकलंत आणि आत गेलात. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. माझी तयारी चिडण्याची होती.

आता जे लिहिते ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मंचावर रैनूच्या थोरल्या बहिणीला बोलावून शाल दिली. सोमारीबाई. साठीची, हिरव्या लुगड्यातली, कपाळावर गोंदण. कार्यक्रम संपल्यावर ती त्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. मी जवळून जात होते. हाताला सवय लागली होती म्हणून तिलाही एक पत्रक दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"का लिवलं हाये व, पोरी? मले वाचता नाई येत."

मी पत्रकाकडे बघितलं. ते दुसरं वाक्य तिथंच होतं, मीच लिहिलेलं, ठळक अक्षरात. मी म्हणाले, "खेळाबद्दल आहे, बाई. बेसबॉलबद्दल."

तिनं ते घडी करून कमरेला खोचलं.

भाऊ, भिंतीवर खोटं चालणार नाही म्हणून मी शंभर माणसांना कागद वाटला आणि एकशे एकाव्या माणसाशी खोटं बोलले. नंतरचे चार महिने मी स्टुडिओत आले नाही, त्याचं कारण मी सगळ्यांना तत्त्वाचं सांगितलं. खरं कारण हे होतं. तुम्ही विचारलं असतंत, "तिले दिलं का तुहं पत्रक?" आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. आठवड्यातून दोनदा बस तुमच्या दारावरून जायची. एकदा तुम्ही बाहेर स्टुलावर चहा पीत होतात, मला खिडकीत पाहून हात वर केलात. मी मोबाईलमध्ये बघितलं. मग एके दुपारी शंकररावाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "पोरी, ये वापस. भाऊ खुर्चीतच गेले."

परवा तेरवीला सोमारीबाई आली. दोन बस बदलून, पिशवीत चारोळी घेऊन. पंगतीत ती माझ्याच शेजारी बसली.

"तूच न कागद वाटनारी?"

"हो बाई."

"घरी गेल्यावर नातवाले देल्ला मी तो. त्यानं सप्पा वाचून दाखवला. खेळाचं त काईच नव्हतं त्याच्यात."

मी द्रोणातलं वरण भातावर ओतलं.

"काऊन सांगतलं तसं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"हं. तुह्या भाऊनं बी माह्यासाठीच केलं म्हंते. तुमी शिकले-सवरलेले सारे माह्यासाठीच खोटं बोलता का व?" आणि ती हसली. समोर बसलेल्या शंकररावानं मान वर करून बघितलं, एवढ्या मोठ्यानं. मग भात कालवत ती खाली बघून म्हणाली, "तो चेहरा माहा होय."

मला आधी कळलंच नाही.

तिनं सांगितलं ते असं. तुम्ही तिच्या गावी गेला होतात, रैनूचा एखादा फोटो आहे का विचारायला. नव्हता. मग तुम्ही तिच्या अंगणात बसून तिला खेकड्याची गोष्ट सांगितलीत. माझ्यापुढं सांगताना हसला होतात, तिच्यापुढं हसला नाहीत. "माह्या हातून गेला तो, बाई. मी जेवाले नसतो गेलो तं राहिला असता," म्हणालात. ती म्हणाली, "जेवाचं तं लागतेच." मग तुम्हीच विचारलंत, "तुमी बसता का?"

ती तीनदा सावलीला आली. संघाच्या फोटोत ऊन सकाळचं आहे, डावीकडून येणारं. तसंच ऊन पाहिजे म्हणून तुम्ही तिला स्टुडिओच्या आत नाही, बाहेर रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसवलंत. केस मागं बांधलेले, अंगात पोराचा सदरा. पहिल्या दिवशी ढग आले. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरची माणसं जमली आणि हसायला लागली, तेव्हा ती उठून गेली. तिसऱ्या दिवशी तुम्ही रस्त्याच्या बाजूनं रंगवलेला पडदा उभा केलात. नंतर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चेहरा करताना ती शेजारी बसून सांगत होती. नाक अजून चपटं कर. ओठ जाड. गाल भरले पाहिजेत, तो खाणारा होता. भुवईवर इथं व्रण, बाभळीच्या काट्याचा, मीच ढकललं होतं. सुरकुत्या काढ सगळ्या.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"डोये राहू दे म्हनलं. डोये एकच व्हते आमचे. माय म्हने, एकाच साच्यातले." मग ती म्हणाली, "तम्मूर होय न तो माहा." गोंडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

"मग भाऊंनी मला का नाही सांगितलं?"

"मीच म्हनलं, नाई सांगाचं कोनाले."

भाऊ, मग मी पत्रक वाटत होते तेव्हा तुम्ही एका वाक्यात मला गप्प करू शकला असतात. केलं नाहीत. तिला शब्द दिला होता म्हणून. मला हे कळल्यावर भरून वगैरे आलं नाही. मला राग आला. तिला शब्द द्या, हरकत नाही, पण मला चार महिने अशा भांडणात कशाला ठेवलंत, ज्यातली अर्धी गोष्ट माझ्याजवळ नव्हती? हा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जिवंत असतात तर आज सकाळी मी स्टुडिओत येऊन तो काढला असता आणि तुम्ही चहा मागवला असतात.

आता दुसरी अडचण. फोटोंखाली नावांची कार्डं लावायची राहिली होती. ते काम तुम्ही करणार होतात. क्रीडामंडळानं ते शंकररावाला सांगितलं आणि शंकररावानं मला. मी पंगतीतच सोमारीबाईला म्हणाले, "मी लिहिते: रैनू, कॅचर. चेहरा बहीण सोमारी हिचा. म्हणजे खरंही होईल आणि तुमचंही नाव लागेल."

तिचा हात थांबला. "माहं नाव कायले?"

"तुम्ही बसलात ना. तुम्ही नसतात तर भोक राहिलं असतं."

"असं लिवलं तं लोक का म्हनतीन? पोराले बाईचं तोंड लावलं म्हनतीन. हासतीन त्याले. आधी खेकड्यावरून हासले, आता याच्यावरून हासतीन."

"हसणाऱ्यांना हसू द्या. खरं आहे ते."

"तुले हासत नाईत न ते. त्याले हासतीन." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "कागदावर लिव तुले लिवाचं तं. कागद वाचनारा बसून वाचते. भिंतीवरचं वाचनारा चालता चालता हासते."

त्या परवानगीवर मी हे लिहिते आहे. कागदावर तिचं नाव लिहिणार का, हे तिनं पुन्हा विचारून घेतलं, मी हो म्हणाले, ती म्हणाली, "लिव."

पण माझं समाधान झालेलं नाही, भाऊ. कागद भिजतात, रद्दीत जातात. मी ज्या पत्रकांवर वाढले त्यातलं एकही आज माझ्याजवळ नाही. भिंत राहते. आणखी वीस वर्षांनी त्या सभागृहात येणारं पोर त्या चित्राला रैनूच समजेल. ते चूक आहे असं मला कालही वाटत होतं आणि आजही वाटतं. पत्रकातलं एक वाक्यही मागं घ्यावंसं वाटत नाही. ते तिच्या हातात देताना जे तोंडानं बोलले, तेवढंच मागं घ्यायचं आहे, आणि ते घेता येत नाही.

सोमारीबाई परवा रात्री शंकररावाकडे राहिली. काल सकाळी आम्ही दोघी बसनं गडचिरोलीला गेलो. घरून निघण्याआधी मी कार्डं लिहिली होती. बाकीच्या फोटोंची एकेक आणि या फोटोची दोन. एकावर फक्त नाव आणि खेळाडूची जागा. दुसऱ्यावर मला खरं वाटतं ते. दोन्ही माझ्या पिशवीत होती. तिला वाचता येत नाही आणि तुम्ही नाही, म्हणजे मी कुठलंही लावलं असतं तरी तिला कळलं नसतं. निदान काही दिवस तरी. मंडळाचे लोकही म्हणाले असते, लेखिकाबाईनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. बसमध्ये पूर्ण वेळ माझ्या डोक्यात हेच चालू होतं. ती खिडकीतून धान बघत होती. वाटेत मला सांगितलं की यंदा सावलीकडं धान लवकर निसवलं, लोंब्या बाहेर आल्या.

सभागृह रिकामं होतं. पहारेकऱ्यानं दार उघडून दिलं आणि तंबाखू मळत दाराशी उभा राहिला. मी दहा फोटोंखाली कार्डं लावली. शेवटी हा. सोमारीबाई बाजूला उभी होती, हात पाठीमागं धरून, संघाच्या फोटोतली पोरं उभी आहेत तशी. मी पिशवीतून कार्ड काढलं, मागचा चिकट कागद सोलला आणि लावलं. कडा बोटानं दाबल्या.

"का लिवलं?" तिनं विचारलं.

"रैनू. कॅचर."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, काहीच नव्हतं. मग मान वळवून दाराकडे हाक मारली, "ओ दादा, इकडे या न जरा. हे वाचून सांगा जी, का लिवलं हाये?"

पहारेकरी आला. तंबाखू तोंडात टाकून त्यानं वाकून कार्ड पाहिलं. मी बाजूला सरकून त्याला जागा दिली.

"रैनू," तो म्हणाला. "कॅचर."

"अजून?"

"अजून काई नाई, बाई. दोनच शब्द हायेत."

सोमारीबाईनं मान हलवली आणि पिशवी उचलली. "चाल पोरी," ती मला म्हणाली, "बस सुटन."